आगवणे काका खाली बघतात

आगवणे काका आमच्या इमारतीत राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात तीन वेळा चप्पलचोर म्हणून पकडले गेले. तिन्ही वेळा त्यांच्या हातात दुसऱ्याची चप्पल होती. पण ते ती घेऊन पळत नव्हते, जिन्यातल्या दिव्याखाली उलटी धरून वाचत होते. वाचत होते, हाच शब्द बरोबर. आपण वर्तमानपत्र धरतो तशी दोन्ही हातांत धरून, चष्मा कपाळावरून नाकावर ओढून, मधूनमधून "अरेरे" म्हणत.

"चोर काय म्हणता?" तिसऱ्यांदा पकडल्यावर ते भडकले. "चोर जोडी उचलतो. माझ्या हातात एकच आहे. दुसरी दाराशी पडलीय, बघून या."

काका मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. पोलिओ झालेल्या मुलांचे पट्टे, एक पाय आखूड असलेल्यांचे उंच बूट आणि ज्यांच्या पायाची कमान बसलीय त्यांच्या चपलेत घालायचे खास मापाचे तळ, हे सगळं त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर भाईंदर पश्चिमेला आमच्या इमारतीत तळमजल्यावरची खोली घेतली आणि तेच काम तिथे मांडलं. पायाला ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, सुकल्या की साचा काढायचा, त्यात प्लॅस्टर ओतून पाऊल घडवायचं आणि त्या पावलावर कॉर्क आणि रबर बसवून तळ कापायचा. त्यांच्या फळीवर साठ-सत्तर पांढरीफटक पावलं ओळीने मांडलेली असत. गॅसचा सिलिंडर द्यायला आलेला माणूस एकदा ती बघून सिलिंडर दारातच टाकून गेला.

पण इमारतीचा राग पावलांवर नव्हता. काका चप्पल वाचून झाली की ती उलटीच ठेवून पुढच्या दाराकडे जात. आणि दारात उलटी चप्पल पडली की घरात भांडण होतं, यावर आमच्या इमारतीतले मराठी, गुजराती, मारवाडी आणि युपीवाले या सगळ्यांचं एकमत होतं. तेवढ्या एकाच गोष्टीवर होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी तीन मजल्यांवर भांडणं सुरू झाली. चप्पल कोणी उलटी केली, यावरून.

शेवटी सोसायटीची मीटिंग बोलावली गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. माझे वडील मोर्च्यांतून, सभांतून पत्रकं घरी आणत आणि मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे मला साधं वाक्य येतच नसे. पाणी मागायचं असलं तरी मी जनतेच्या वतीने मागायची. बाबा गेल्यावर पत्रकं काढण्याचं कामही माझ्याकडे आलं. त्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि उलट्या चपलेने भांडण होतं ही अंधश्रद्धा कशी आहे, यावर वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या नाहीत. सेक्रेटरी भानुभाई म्हणाले, "बेन, तुमी बोलता ते बरोबर, पण यांनी लोकांचा चप्पल पकडायचाच कशाला?"

"का पकडायचा सांगू?" काका उठले. "भानुभाई, तुम्ही रोज सकाळी मंदिरात चालत जाता ना?"

"रोज. दोन किलोमीटर."

"तुमची सँडल वर्षभराची आहे आणि तळ कोरा आहे. फक्त उजव्या पायाचं टोक झिजलंय. रिक्षातून उतरताना उजवा पाय आधी टेकता तुम्ही."

मीटिंगमध्ये भानुभाईंची बायकोही बसली होती. पुढचं सगळं गुजरातीत झालं. अंधश्रद्धा निर्मूलनाला मी केलेली ती पहिली मदत, आणि ती भांडणात संपली. घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "चप्पल उलटी व्हती व्हय मीटिंगीत?"

काका माणसाचा चेहरा बघत नसत. ओळख पायांवरून. जिन्यात मी समोरून आले की ते माझ्या चपलांशी बोलायला सुरुवात करत. "काय पुढारीण, डावी टाच घासून चालतेस. घाई कसली एवढी? क्रांती काय पाच पंधराला सुटते का?" पोस्टमन बदलला हे इमारतीत सर्वांत आधी त्यांना कळलं. भानुभाईंनी मिशी काढली ते मात्र वर्षभर कळलं नाही.

मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट खटकायची. माप घेताना ते पाटावर, गिऱ्हाईक खुर्चीवर. माणूस कितीही उद्धट असो, काका त्याच्या पायाशी बसणार आणि त्याचं पाऊल मांडीवर घेणार. मला ते बघवत नसे. एकदा मी सरळ तोफ डागली. "काका, पिढ्यान्पिढ्या आपल्या माणसांना पायाशी बसवलं. तुमचे वडील चपला शिवायचे, ठीक आहे. पण तुम्ही इस्पितळात शिकलेले कारागीर. तुम्ही का म्हणून पायाशी बसता?"

"मग कुठे बसू?" काका कानशीने रबर घासत म्हणाले. "टाच खांद्याला असती तर खांद्याशी बसलो असतो."

"तुम्हाला अपमान वाटत नाही?"

"वाटतो ना. धुऊन न आणलेले पाय समोर आले की वाटतो."

मी माझे पाय मागे ओढून घेतले.

त्यांना खरा त्रास होता तो नमस्काराचा. आपल्याकडे दुसऱ्याला पाय लागला की लगेच हात लावून कपाळाला न्यायचा असतो. आता पायाचंच माप घ्यायचं म्हटल्यावर पाय सारखा लागणारच. म्हातारी माणसं तर प्रत्येक स्पर्शाला वाकत आणि ती वाकली की पाऊल हलून साचा बिघडे. शेवटी काका सुरुवातीलाच सांगू लागले, "आजी, सुटे नमस्कार करायचे नाहीत. शेवटी एकदाच, घाऊक."

त्यांच्याकडे माणसं पाठवायच्या त्या शाह मॅडम. बाजारामागे पहिल्या मजल्यावर त्यांचं फिजिओथेरपीचं छोटंसं सेंटर होतं. शेक द्यायचा दिवा, दोन खाटा आणि भिंतीवर पायाच्या हाडांचं चित्र. मॅडम व्यायाम शिकवायच्या, काका तळ करायचे, आणि एकमेकांशिवाय दोघांचंही चालत नसल्यामुळे दोघं सतत भांडायचे.

"काका, तुमी पेशंटला घाबरवता. त्या काकीला सांगितला की तुमचा पाय भाकरीसारखा झालाय."

"खोटं सांगू? चपातीसारखा म्हणू?"

हे सगळं मी लांबून, मजेने बघत होते. मग आईची टाच दुखायला लागली.

आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. वाट्या-थाळ्या पुसायच्या, कागदात गुंडाळायच्या, खोक्यात भरायच्या, आणि सगळं उभ्याने. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना ती भिंत धरायला लागली. तोंडाने काही बोलायची नाही, पण गणपती झाल्यावर एक दिवस मुकादम तिला म्हणाला, "मावशी, दिवाळीचा माल सुरू होतोय. धनत्रयोदशीपर्यंत बसायला मिळणार नाही. उभं राहणं होत नसेल तर आत्ताच सांगा, दुसरी बाई बघतो." आईने होतंय म्हणून सांगितलं आणि घरी येऊन पाय पाण्यात घालून बसली. बाबांच्या माघारी घर त्या उभं राहण्यावर चाललेलं होतं. माझ्या पत्रकांचा कागदसुद्धा.

शाह मॅडमनी टाच दाबून बघितली. आई ओरडली नाही, पण तिने माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. मॅडमनी शेक सुरू केला. पोटरी ताणायचा व्यायाम दिला, बाटली जमिनीवर आडवी ठेवून तळव्याखाली फिरवायला सांगितली आणि चिठ्ठी देऊन आमच्याच तळमजल्यावर पाठवलं.

काकांनी आईचं पाऊल मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच काही वाकडं बोलले नाहीत. अंगठ्याने टाचेभोवती चाचपत राहिले. "कुठली फरशी?"

"शहाबादी," मी म्हणाले.

"आणि गावाला?"

"भुई व्हती, काका. सारवलेली," आई म्हणाली.

"तेच. भुई टाचेला झेलते. फरशी उलट मारते."

आठ दिवसांत तळ तयार झाले. खाली कॉर्क, वर मऊ रबर, मधे कमानीला उचल आणि टाच दुखायची तिथे वाटीएवढी खोलगट जागा. ते आईच्या नव्या चपलेत बसवून काकांनी बजावलं, "पंधरा दिवस दिवसभर वापरायचे. मग दाखवायला यायचं."

पंधरा दिवसांनी टाच तशीच होती. मॅडम काळजीत पडल्या, व्यायाम वाढवले. काकांनी चप्पल हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आतला तळ काढून नाकाशी नेला.

"मावशी," ते म्हणाले, "हा तळ पंधरा दिवस वापरलेला नाही."

"रोज घालते, काका. शप्पत."

"किती वेळ?"

"घरातून कारखान्यात जाईस्तवर. आणि येताना."

"म्हणजे वीस मिनिटं जायची आणि वीस यायची. मधले आठ तास?"

आईने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते लहान मुलासारखं काहीतरी विचारतायत. "आत कशी घालणार? खाली ताडपत्रीवर थाळ्या मांडल्याल्या असतात. त्यात लोक जेवणार हायत, काका. सगळ्या बाया दाराशीच चपला काढतात."

"आणि घरी?"

"घरात पायताण?"

काकांनी तळ खाली ठेवला. तीस वर्षं इस्पितळात बूट घालणाऱ्यांचे पाय बघितलेला माणूस, दिवसभर शेक देणाऱ्या मॅडम आणि पायांच्या प्रश्नावर वीस मिनिटं बोलू शकणारी मी, तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं की ही बाई चप्पल घालते कधी? तिच्या पायाच्या मापाचा, सुबक, महागड्या कॉर्कचा तळ रोज आठ तास कारखान्याच्या दारात विश्रांती घेत होता आणि टाच आत फरशीवर उभी होती.

"मी शेठला भेटते," मी उठले. "कामगारांना अनवाणी उभं करणं म्हणजे—"

"खाली बस," आई म्हणाली. "शेठनं न्हाई सांगितलं. आमचं आम्हीच काढतो. आन् तू पत्रक काढलंस तर पाय बरा व्हायच्या आधी नोकरी जाईल माझी."

"मग निदान घरी तरी घाल."

"भिंतीवर तसबिरी हायत."

इथे मात्र मला राहवेना. मी म्हणाले, "आई, तूच सांगतेस ना, गावात वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात धराव्या लागायच्या? तुझ्या आईला, तुला. ज्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत, त्यांनी ती चप्पल पायात घालायला शिकवली आपल्याला. आणि तू त्यांच्याच समोर ती काढून ठेवतेस? हा विचारांचा पराभव आहे!"

वाक्य छान जमलं होतं. पुढच्या पत्रकात घेता आलं असतं.

आईने पाय काकांच्या मांडीवरून काढून घेतला आणि जमिनीवर टेकवला. "ती वरच्या आळीवाल्यांनी काढायला लावली व्हती, माय," ती म्हणाली. "ही मी काढते."

मी बसले. कागदावर न मावणारी वाक्यं काही माणसांकडे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. पण मला खरं आश्चर्य वाटलं ते काकांचं. त्यांनी मान वर केली होती. आईच्या पायांकडून नजर काढून ते सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, नवीन भाडेकरू आल्यासारखे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी. मी पायाचं माप घेतलं, बाईचं घेतलंच नाही."

मग तीन दिवस आम्हाला काकांचा उपद्रव झाला. रविवारी सकाळी ते खडू घेऊन आमच्या घरी आले आणि आई स्वयंपाक करताना जिथे जिथे उभी राहते तिथे फरशीवर फुल्या मारत बसले. ओट्याशी एकाच जागी अकरा फुल्या झाल्या. आई भाजी ढवळता ढवळता मला म्हणाली, "ह्यांना म्हणावं, आता शेवटी रांगोळी पण भरा." सोमवारी ते कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आले. आत सोडलं नाही, म्हणून बाहेर काढलेल्या बायकांच्या चपला वाचत बसले आणि तिथेही पकडले गेले. सोडवायला मुकादमाला बाहेर यावं लागलं. तोवर काकांनी त्याच्या बुटांवरून त्याला गुडघेदुखी आहे हे सांगून टाकलं होतं. मुकादमाने त्यांना चहा पाजला.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी काका वर आले. हातात जाड पांढऱ्या मांजरपाटाच्या, मोज्यांसारख्या दोन जोड्या होत्या. वर नाडी, खाली घसरू नये म्हणून गोणपाट शिवलेलं, आणि तळाशी कप्पा. कप्प्यात आईचा तोच तळ.

"हे काय?" आईने विचारलं.

"कपडा."

"पायताण न्हाई?"

"चामडं नाही, अंगठा नाही, पट्टा नाही. बाहेरच्या रस्त्याला हे कधी लागणार नाही. जोड्या दोन आहेत, एक कारखान्यात, एक घरात. तळ काढायचा आणि कपडा रोज धुवायचा. साडी नेसून तसबिरीसमोर उभ्या राहता ना? मग हे घालूनही राहा. पटत नसेल तर उसवतो, माझं काही अडत नाही." आणि मग थोडं हळू, "शिवण मीच घातलीय. वाकडी आहे. चामड्याची सवय, कापडाची नाही."

आईने ते हातात घेतले, शिवण बघितली, कप्प्यात बोटं घालून बघितली. "साबण चालतो?"

"चालतो."

"उकळत्या पाण्यात?"

"तळ काढून, मावशी! तळ काढून!"

ती बाहेरच्या खोलीत गेली. तिने ते पायांत चढवले, नाड्या बांधल्या आणि तसबिरींसमोर जाऊन सरळ उभी राहिली. मग परत येऊन ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापायला लागली. काका दारात थांबून तिच्या टाचांकडे बघत होते. पाचव्या भाकरीपर्यंत तिने पाय बदलला नाही. काका न जेवता खाली गेले, पण जिन्यात कुणाचीही चप्पल न उचलता गेले. असं आधी झालेलं नव्हतं.

कारखान्यात पहिले दोन दिवस बायका खूप हसल्या. "मावशी दवाखान्यातून पळून आल्या" असं झालं. तिसऱ्या दिवशी एकीने हळूच विचारलं की हे मिळतं कुठे. शाह मॅडमचे व्यायाम चालूच होते. बाटली तळव्याखाली फिरवताना आई तिला शिव्या घालायची, पण फिरवायची. सकाळची भिंत सुटली. दिवाळीचा माल आला, खोकी छताला लागली, आणि आई धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापर्यंत उभी राहिली. दुसरी बाई बघायची वेळ मुकादमावर आली नाही. उलट त्यानेच आपल्या बायकोला काकांकडे पाठवलं. तिने सुटे नमस्कार केले म्हणून ओरडा खाल्ला.

दिवाळीनंतर तपासणी म्हणून काका रविवारी वर आले. आईचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने टाच दाबली. "एक सूतभर घासावं लागेल. पुढच्या रविवारी परत बघतो." पुढच्या रविवारी पुन्हा सूतभर निघालं. त्याच्या पुढच्याही. आई चहा टाकायची, ते कानस काढायचे. इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये पाय बघायला रांग कशी लागायची ते सांगायचे. एक मुलगी पहिल्यांदा पट्टा बांधून उभी राहिली तेव्हा काय म्हणाली ते सांगायचे. आता आठवड्यातून चार पाय येतात म्हणायचे आणि मग विषय बदलून माझ्या टाचेवर घसरायचे. असे तीन महिने गेले. मला हिशेब लागेना. दर आठवड्याला सूतभर घासलं असतं, तर तो तळ एव्हाना कागद झाला असता.

म्हणून एका रविवारी मी पत्रकाचा मजकूर खाली ठेवून नीट बघितलं. काकांची कानस तळावरून पुढेमागे जात होती आणि तळाला लागत नव्हती. मधे बोटभर अंतर होतं. पोर्‍याला खोटा घास भरवतात तशी ती हवेतून फिरत होती, आणि काका फुंकर मारून नसलेली भुकटी उडवत होते.

मी तोंड उघडलं. खोटेपणा दिसला की तोंड उघडायचं, असंच मी वाढले होते. आईने चहा गाळता गाळता माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं.

मग ती कप घेऊन त्यांच्यासमोर बसली, चांगला ठणठणीत पाय पुढे केला आणि म्हणाली, "सकाळी उठल्यावर अजून बारीक कळ येती, काका."

काकांनी टाच दाबली. बराच वेळ दाबून धरली.

"हो," ते म्हणाले. "येणारच. हे लांबणारं दुखणं आहे."